केमोथेरपीचे औषध गाठीत किती पोहोचते हे न मोजता ते वाढवण्याचे प्रयोग करावेत का?

अणुरेणू

केमोथेरपीची मात्रा ठरवताना रुग्णाची उंची आणि वजन घेऊन शरीराचे पृष्ठफळ काढतात आणि दर चौरस मीटरला इतके मिलिग्रॅम, असा हिशेब मांडतात. पृष्ठफळाचे जे सूत्र आजही वापरात आहे, ते द्यु ब्वा यांनी १९१६ साली अवघ्या नऊ माणसांच्या मोजमापांवरून बसवले होते. मात्रा ठरते, फार्मसीतून बाटली येते, औषध शिरेत जाते आणि त्यानंतर पुढचा स्कॅन होईपर्यंत त्या औषधाचे गाठीत काय झाले याची कुठेही नोंद होत नाही.

गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या, वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. तिथल्या लसिकावाहिन्या, म्हणजे ऊतींतला जादा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या, नीट काम करत नसल्यामुळे आतल्या द्रवाचा दाब वाढतो आणि रक्तातून औषधाला बाहेर ढकलणारा जोरच उरत नाही. टोरांटोच्या संशोधकांनी २००५ साली उंदरांतील गाठींचे काप तपासून दाखवले की, डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या केमो औषधाचे प्रमाण रक्तवाहिनीपासून ४० ते ५० मायक्रोमीटर अंतरावर निम्म्यावर येते. हे अंतर जेमतेम चार-पाच पेशींचे आहे. त्यापलीकडेही जिवंत पेशी असतात आणि त्यांना मिळते ती उरलीसुरली मात्रा.

औषध आत शिरावे यासाठी गेली कित्येक वर्षे नाना उपाय सुचवले जात आहेत. परंतु त्यांपैकी अनेक उपायांच्या चाचण्यांत रुग्णाच्या गाठीतील औषध प्रत्यक्ष मोजलेच गेले नाही. उपाय फसला तर तो औषध न पोहोचल्यामुळे फसला, की पोहोचूनही निकामी ठरल्यामुळे, हे मग कळत नाही. म्हणून माझे ठाम मत आहे की मोजण्याची सोय आधी व्हावी आणि वाढवण्याचा प्रयोग त्यानंतर. डॉक्टर, तंत्रज्ञ, रुग्ण आणि नातेवाईक, सर्वांनी आपले अनुभव आणि मतभेद मोकळेपणाने लिहावेत.

नीलांबरी

धागा काढल्याबद्दल आभार. माझ्या मावशीला स्तनाच्या कर्करोगासाठी हेच लाल औषध मिळत होते. सलाईन चालू ठेवून सिस्टर ते मोठ्या सिरिंजने अगदी सावकाश सोडत असत. मध्येच थांबून दट्ट्या किंचित मागे ओढत, नळीत रक्त उलटे येते आहे ना ते पाहत आणि मगच पुढे जात. औषध शिरेबाहेर गेले तर कातडी जळते, म्हणून ही काळजी. संध्याकाळी लघवीलाही लालसर रंग येई. ते पाहून मला वाटायचे, इतके औषध बाहेरच पडत असेल तर गाठीला मिळते किती? विचारल्यावर "औषध सगळ्या अंगात जाते" एवढेच उत्तर मिळाले.

माझी शंका साधी आहे. पुरेसे पोहोचत नसेल तर मात्राच का वाढवत नाहीत?

डॉ_वैनतेय

नीलांबरीताई, मात्रा वाढवता येत नाही, कारण औषध गाठीत कमी जात असले तरी अस्थिमज्जेत आणि हृदयात व्यवस्थित जाते. डॉक्सोरुबिसिनची आयुष्यभराची एकूण मात्रा साधारणपणे दर चौरस मीटरला ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पलीकडे नेत नाहीत, कारण पुढे हृदयाचे स्नायू दुबळे होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. प्रत्येक सायकलनंतर, म्हणजे केमोच्या प्रत्येक फेरीनंतर, पांढऱ्या पेशी किती उतरल्या हे पाहूनच पुढची सायकल द्यावी लागते.

अणुरेणू यांच्या मूळ मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या माणसाचे मोजमाप वेगळे असते. गाठ लहान झाली का, शस्त्रक्रियेच्या वेळी ती नाहीशी झालेली आढळली का आणि रुग्ण किती काळ जगला, हे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत. आज उपयोगात असलेली बहुतेक केमोथेरपी गाठीतील प्रमाण न मोजताच सिद्ध झाली आणि तिने असंख्य माणसे वाचवली. मोजण्यासाठी पुन्हा सुई घालायची म्हणजे दुखणे, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाची शक्यता आली. त्या बदल्यात रुग्णाच्या पदरात काय पडते, हे आधी सांगावे लागेल.

कृष्णाकाठ

डॉक्टरसाहेब, आमच्या भागात धरणातून आवर्तन किती सुटले याचा आकडा रोज छापून येतो, पण कालव्याच्या टेलच्या रानात किती पाणी पोहोचले हे तिथला शेतकरीच जाणतो. पीक वाळल्यावर बियाणे वाईट होते की पाणीच आले नाही, हे ठरवायला टेलला मोजपट्टी लागते. अणुरेणू यांचे म्हणणे मला असे समजले.

समस्थानिक

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये काम करतो, म्हणून मोजण्याच्या बाजूने लिहितो. सुई न घालता मोजण्याचा मार्ग आहे, मात्र तो खडतर आहे. औषधाच्या रेणूतील एक कार्बन अणू बदलून तिथे किरणोत्सारी कार्बन-११ बसवायचा आणि पेट स्कॅनमध्ये तो कुठे जमतो ते पाहायचे. अॅम्स्टरडॅममध्ये डोसिटॅक्सेल या केमो औषधावर असे काम झाले आहे. अडचण अशी की कार्बन-११ चे अर्धे आयुष्य सुमारे २० मिनिटांचे असते, म्हणजे तेवढ्या वेळात त्याचा निम्मा साठा संपतो. रसायन तयार करून, शुद्ध करून रुग्णाला टोचेपर्यंत बराचसा मालच संपलेला असतो. असे किरणोत्सारी अणू बनवणारे यंत्र, सायक्लोट्रॉन, त्याच आवारात नसेल तर हा बेतच सोडावा लागतो. नेहमीच्या पेट स्कॅनसाठी वापरतात त्या फ्लोरिन-१८ चे अर्धे आयुष्य जवळजवळ ११० मिनिटांचे असते, म्हणून ते गाडीने दुसऱ्या रुग्णालयात नेता येते. आपल्याकडे पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. आता सोय पुष्कळ वाढली आहे, पण ती प्रामुख्याने साखरेसारख्या रेणूच्या नेहमीच्या स्कॅनसाठी राबते.

एक खुलासा नीलांबरीताईंसारख्या वाचकांसाठी. तुमच्या फाइलमध्ये असलेला पेट-सीटीचा रिपोर्ट गाठीने साखर किती ओढली हे सांगतो. तो औषधाचा परिणाम दाखवतो, औषध दाखवत नाही.

अॅम्स्टरडॅमच्या अभ्यासातून २०१२ साली एक धक्कादायक गोष्ट पुढे आली. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना रक्तवाहिन्यांवर काम करणारे बेव्हासिझुमॅब दिल्यावर पाच तासांच्या आत गाठीत जाणारे डोसिटॅक्सेल कमी झाले आणि चार दिवसांनीही ते कमीच होते.

अणुरेणू

समस्थानिक, हे उदाहरण आणल्याबद्दल मनापासून धन्यवाद, कारण वादाचे मूळ इथेच आहे. आयआयटी कानपूरमधून शिकून पुढे बोस्टनला गेलेले राकेश जैन यांनी २००१ साली मांडले की बेव्हासिझुमॅबच्या जातीची औषधे योग्य प्रमाणात दिली तर गाठीतल्या वेड्यावाकड्या वाहिन्या काही काळ सुधारतात, दाब उतरतो आणि केमोथेरपी आत अधिक जाते. कल्पना अतिशय विचारपूर्वक मांडलेली आहे आणि तिला प्रयोगांचा आधारही आहे. तरीही प्रत्यक्ष रुग्णांत, विशिष्ट मात्रेवर आणि विशिष्ट वेळी मोजले तेव्हा उलटे चित्र दिसले. म्हणजे दोन्ही औषधे एकाच दिवशी द्यायची की आधी एक आणि मागाहून दुसरे, हा वेळापत्रकाचा साधा वाटणारा प्रश्न मोजल्याशिवाय सुटणारा नाही. डॉक्टरसाहेब, रुग्णाच्या पदरात काय पडते असे आपण विचारले होते. योग्य क्रम पडतो, असे माझे उत्तर आहे.

घाटमाथा

वाचत आहे. लायपोसोमल औषधांबद्दल कोणी लिहील का? आमच्या ओळखीच्या एका रुग्णाला "हे गाठीतच जाते, बाकी शरीरात जात नाही" असे सांगून महागडे इंजेक्शन सुचवण्यात आले होते.

अणुरेणू

घाटमाथा, तसे सांगणे ही मोठी अतिशयोक्ती आहे. लायपोसोम म्हणजे चरबीच्या रेणूंची सूक्ष्म पिशवी. डॉक्सोरुबिसिनची पिशवी सुमारे ८० ते १०० नॅनोमीटरची असते. जपानमधील कुमामोतो येथे मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ साली दाखवले की गाठीतल्या गळक्या वाहिन्यांतून मोठे रेणू बाहेर झिरपतात आणि निचरा नसल्यामुळे तिथेच साठतात. या तत्त्वाशी जुळणारे लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत १९९५ साली मंजूर झाले. २०१२ साली तिथे त्याचा तुटवडा पडला तेव्हा सन फार्माचे भारतीय औषध तात्पुरते आयात करण्याची परवानगी अमेरिकी नियामकाने दिली आणि पुढच्या वर्षी त्यांचे जेनेरिक रीतसर मंजूर झाले.

त्याचा निर्विवाद फायदा हृदयाला कमी इजा हा आहे. गाठीतच जाते म्हणाल, तर टोरांटोच्याच दुसऱ्या एका गटाने २०१६ साली दहा वर्षांचे प्रकाशित प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचणारा मध्यक वाटा ०.७ टक्के निघाला. उरलेले बरेचसे यकृत आणि प्लीहा उचलतात. शिवाय तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास या प्रकारात अधिक होतो, म्हणजे ते कातडीतही जाते.

कृष्णाकाठ

०.७ टक्के वाचून घाबरून जायला नको असे मला वाटते. ते आकडे मुख्यतः उंदरांचे आहेत. शिवाय साध्या औषधाचाही गाठीतला वाटा अत्यल्पच असतो, कारण अख्ख्या शरीरापुढे गाठ लहान असते. साध्या औषधाशी शेजारी ठेवून तुलना केली तरच त्या आकड्याला अर्थ येईल.

समस्थानिक

कृष्णाकाठ यांच्याशी सहमत, आणि एक भर घालतो. सरासरीपेक्षा फरक महत्त्वाचा आहे. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १९ रुग्णांत लायपोसोमला तांबे-६४ हे किरणोत्सारी समस्थानिक जोडून स्कॅन केले, त्याचा अहवाल २०१७ साली आला. गाठी-गाठींतल्या साठ्यात ३५ पटींपर्यंत फरक होता. ज्यांच्या गाठींत जास्त साठले त्यांना उपचारांचा उपयोगही अधिक झाला. तांबे-६४ चे अर्धे आयुष्य जवळजवळ १३ तासांचे असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही चित्र घेता येते. दुःखाची गोष्ट अशी की त्याच औषधाची मोठी चाचणी लाभ दिसण्याची शक्यता नसल्यामुळे २०१६ साली थांबली, आणि त्या चाचणीत रुग्णांची निवड अशा स्कॅनवरून केलेली नव्हती.

डॉ_वैनतेय

हा मुद्दा मला पटतो. निवडीसाठी स्कॅन वापरायचा असेल तर मोजण्याला अर्थ आहे. पण एक खबरदारी हवी: तांबे पिशवीला लावलेले आहे. स्कॅनमध्ये पिशवी दिसते, पिशवीतून सुटलेले औषध दिसत नाही. डॉक्सोरुबिसिन पेशीच्या केंद्रकात जाऊन डीएनएला भिडल्याशिवाय काम करत नाही.

फ्योर्डकाठ

मी नॉर्वेत बर्गनला राहतो आणि वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात आहे. इथल्या हाउकेलँड रुग्णालयात झालेल्या एका प्रयोगाचे इथे फार कौतुक झाले. स्वादुपिंडाच्या, शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या कर्करोगात जेमसिटाबिन हे केमो औषध दिल्यानंतर सोनोग्राफीत नेहमी वापरतात ते वायूचे सूक्ष्म बुडबुडे शिरेतून सोडायचे आणि गाठीवर अल्ट्रासाउंडचा मारा करायचा. बुडबुडे लाल पेशीपेक्षाही लहान असतात. ध्वनीच्या दाबाने ते फुगतात आणि आक्रसतात, वाहिनीच्या भिंतीला हादरे बसतात आणि औषधाला वाट मिळते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात दहा रुग्णांचे मध्यक आयुष्यमान १७.६ महिने होते, तर पूर्वीच्या तशाच रुग्णांचे ८.९ महिने. उपकरण साधे क्लिनिकमधले सोनोग्राफी यंत्रच होते. आपल्याकडे तालुक्याच्या गावीही सोनोग्राफी असते, म्हणून मला हा मार्ग आपलासा वाटतो.

डॉ_वैनतेय

फ्योर्डकाठ, मार्ग आशादायक आहे, परंतु दहा रुग्ण आणि तुलना जुन्या नोंदींशी, एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही. जे रुग्ण प्रकृतीने बरे असतात तेच अशा प्रयोगात टिकतात आणि जास्त सायकली घेऊ शकतात.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाने या बाबतीत आपल्याला कठोर धडे दिले आहेत. तिथे गाठीभोवती तंतूंचा जाड थर असतो. २००९ साली उंदरांत तो थर विरघळवणाऱ्या औषधामुळे जेमसिटाबिन अधिक आत गेले आणि उंदीर अधिक जगले. त्याच औषधाची माणसांतील चाचणी २०१२ साली थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू अधिक होत होते. पुढे असेही दिसले की तो थर काही अंशी गाठीला आवरूनही धरत असावा. त्यानंतर गाठीतले हायलुरोनन, म्हणजे पेशींमधला एक चिकट पदार्थ, तोडणाऱ्या विकराची (एन्झाइमची) मोठी चाचणी झाली. त्या पदार्थाचे प्रमाण जास्त असलेले रुग्ण बायोप्सीवरून निवडलेले होते, गाठी अधिक रुग्णांत लहानही झाल्या, पण आयुष्य वाढले नाही आणि २०१९ साली तो अध्याय मिटला. अणुरेणू, औषध जास्त पोहोचले तरी रुग्ण जास्त जगेलच असे नाही, हे आपण आपल्या मांडणीत कुठे बसवता?

अणुरेणू

डॉक्टरसाहेब, हा या धाग्यातील सर्वांत गंभीर प्रश्न आहे. माणसांतील त्या चाचण्यांनी उत्तर आयुष्यमानाचे दिले. गाठीत केमोथेरपी खरोखर किती वाढली होती, हा मधला दुवा मोकळाच राहिला. म्हणून धडा घ्यायचा कोणता, हे ठरत नाही.

मधला दुवा जोडून दाखवणारे काम ऑक्सफर्डला झाले आहे. उष्णतेने फुटणाऱ्या लायपोसोममध्ये डॉक्सोरुबिसिन भरून ते यकृतात गाठी असलेल्या दहा रुग्णांना दिले, भूल देऊन शरीराबाहेरून केंद्रित अल्ट्रासाउंडने एकच ठरावीक गाठ कोमट केली आणि औषध मोजण्यासाठी त्याच गाठीतून सुईने तुकडे घेतले. औषधाचे प्रमाण सरासरी ३.७ पटींनी वाढले आणि दहापैकी सात रुग्णांत ते किमान दुप्पट झाले, असा निकाल २०१८ साली आला. याच लायपोसोमच्या यकृताच्या कर्करोगातील मोठ्या चाचण्या मात्र यशस्वी ठरल्या नव्हत्या. तिथे उष्णता रेडिओलहरींच्या सुईने दिली जात होती आणि पहिल्या चाचणीत ती किती वेळ दिली यात रुग्णागणिक फरक होता. यश ज्यात मोजायचे ती गोष्टच आधी ठरवून मोजली, हे मला ऑक्सफर्डच्या कामात फार मोलाचे वाटते.

नीलांबरी

थोडे वेगळे विचारते. मावशीच्या शेजारच्या खाटेवरील एका काकांना औषध चालू असताना तोंडात बर्फाचे खडे धरायला लावत. मावशीला लावत नसत. आणि घरी सगळेजण हळद-दूध आणि काढे देण्याचा आग्रह करत होते, "औषध अंगी लागते" म्हणून. यात काही तथ्य आहे का?

डॉ_वैनतेय

ताई, बर्फाचे कारण या धाग्याच्या विषयाशी अगदी जवळचे आहे. ५-फ्लुरोयुरॅसिलचा झटपट डोस देताना किंवा मेलफॅलानची मोठी मात्रा देताना बर्फ धरला की तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोहोचते आणि तोंड कमी येते. केस वाचवण्यासाठी डोक्यावर घालायची थंड टोपी याच तत्त्वावर चालते. मात्र ऑक्झालिप्लॅटिन हे केमो औषध चालू असेल तर थंड पदार्थांनी घशात आणि बोटांत विचित्र झिणझिण्या येतात, म्हणून त्या रुग्णांना बर्फ देत नाहीत. स्वतःच्या मनाने हा उपाय करू नये.

जेवणात असते तेवढ्या हळदीला कोणाचीच हरकत नसते. पोटातून घेतलेल्या हळदीतील कुरकुमिन रक्तात फारच थोडे उतरते, त्यामुळे ते औषध गाठीत पोहोचवते असे म्हणायला आधार नाही. काढे आणि गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. युरोपात नैराश्यासाठी घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती यकृतातील विकरे वाढवते. तिच्यामुळे इरिनोटेकॅन या केमो औषधाच्या सक्रिय घटकाचे रक्तातील प्रमाण ४२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले आहे. जे काही घेत असाल ते डबीसकट डॉक्टरांना दाखवा.

घाटमाथा

पोटात गरम केमो फिरवतात, तोही औषध पोहोचवण्याचाच प्रकार ना?

डॉ_वैनतेय

होय. गाठी काढून झाल्यावर ४१ ते ४३ अंश सेल्सिअसचे औषध पोटाच्या पोकळीत फिरवतात. औषध थेट लागते, पण काही मिलिमीटरपलीकडे जात नाही. म्हणून दिसणारी प्रत्येक गाठ आधी काढावी लागते. अंडाशयाच्या कर्करोगात नेदरलँड्सच्या चाचणीत मध्यक आयुष्यमान ३३.९ वरून ४५.७ महिन्यांवर गेले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ऑक्झालिप्लॅटिन वापरून झालेल्या फ्रान्सच्या चाचणीत आयुष्य वाढले नाही. कोणत्या रोगात आणि कोणते औषध, हे विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

कृष्णाकाठ

पेशीच्या दारापर्यंत पोहोचलेले औषध पेशीच बाहेर फेकते, हा भाग राहिला. १९७६ साली ज्युलियानो आणि लिंग यांनी पेशीच्या आवरणातील पी-ग्लायकोप्रोटीन शोधले. ते आत आलेले औषध पंपासारखे बाहेर टाकते. पंप अडवण्यासाठी रक्तदाबाचे व्हेरापामिल वापरून पाहिले, पण लागणारी मात्रा हृदयाला झेपत नव्हती. नंतरच्या औषधांनी केमोथेरपीचा शरीरातून होणारा निचराही मंदावला आणि विषारीपणा वाढला. एकूण साठा मोजताना पेशीत किती आणि पेशीबाहेर किती, हे वेगळे केले नाही तर आकडा फसवा ठरेल.

अणुरेणू

अगदी बरोबर. म्हणूनच मी आपल्या परिस्थितीत जमेल असा एक प्रस्ताव मांडतो. डॉक्सोरुबिसिन स्वतःच चमकते: निळसर-हिरवा प्रकाश टाकला की ते नारिंगी-लाल प्रकाश देते, त्याला वेगळा रंग लावावा लागत नाही. स्तनाचा कर्करोग बराच वाढलेला असताना आपल्याकडे शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी देतात. अशा रुग्णांपैकी ज्या स्वेच्छेने तयार असतील त्यांच्या गाठीतून पहिल्या सायकलनंतर एक तुकडा घेतला, तर औषध वाहिनीपासून किती दूर गेले आणि केंद्रकात शिरले का, हे फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल. असा सूक्ष्मदर्शक अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत आहे. सायक्लोट्रॉन लागत नाही.

समस्थानिक

प्रस्ताव चांगला आहे, पण ऊतीची स्वतःचीही थोडी चमक असते आणि डीएनएला चिकटलेले डॉक्सोरुबिसिन मंद चमकते. म्हणजे जिथे औषध काम करते तिथेच ते कमी दिसण्याचा धोका आहे. चित्राबरोबर त्याच तुकड्याचा अर्धा भाग मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजून आकडा पडताळलाच पाहिजे.

डॉ_वैनतेय

या स्वरूपात मी सोबत यायला तयार आहे, मात्र माझ्या अटी आधीच लिहितो. नैतिकता समितीची मंजुरी आणि दुसऱ्या बायोप्सीसाठी स्वतंत्र संमतीपत्र हवे, तेही रुग्णाला समजेल अशा मराठीत. हाताला लागणाऱ्या वरच्या गाठीच घ्याव्यात, खोलवरच्या नकोत. खर्चाचा एक पैसाही रुग्णाकडून घेऊ नये आणि निकालावरून कोणाचाही चालू उपचार बदलू नये. वेळ ठरलेली असावी: औषध संपल्यावर काही तासांच्या आत, रुग्ण डे-केअरमधून घरी जाण्यापूर्वी, म्हणजे तिला पुन्हा हेलपाटा पडणार नाही आणि प्लेटलेट उतरण्याच्या दिवसांत सुई घालण्याची वेळ येणार नाही. तुकडा लगेच गोठवावा आणि त्याच वेळी रक्ताचाही नमुना घ्यावा, कारण गाठीतला आकडा रक्तातल्या आकड्याशेजारी ठेवल्याशिवाय मला तो वाचता येणार नाही. अणुरेणू, मसुदा झाला की मला निरोप करा. संमतीपत्राचा भाग मी लिहितो, आणि तो नीलांबरीताईंनी वाचून कुठे अडखळायला होते ते सांगावे, अशी विनंती आहे.